समाजकार्याच्या पहिल्या वर्षात इतके विषय का शिकावे लागतात?

समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्राचे वेळापत्रक बहुधा गोंधळात टाकते. समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्राची तोंडओळख, कायदा, समाजकार्याचा इतिहास, संशोधन पद्धती आणि त्याच्या जोडीला क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थेत किंवा वस्तीत जाऊन करायचे प्रत्यक्ष काम, असे एकमेकांशी फारसे नाते नसलेले वाटणारे विषय त्याच्यासमोर येतात. लोकांच्या उपयोगी पडावे या इच्छेने तो आलेला असतो आणि ही इच्छा प्रामाणिक असते. मग लोकांमध्ये जाऊन काम सुरू करण्याऐवजी वर्गात बसून कुटुंबसंस्थेचे प्रकार आणि बालविकासाच्या अवस्था कशासाठी शिकायच्या, हा त्याचा प्रश्नही रास्त आहे. माझ्या मते या सगळ्या विषयांचे काम एकच आहे. दुसऱ्याच्या आयुष्याविषयी आपण जो पहिला निष्कर्ष काढतो, तो पक्का होण्याआधी आपल्याला थांबवायचे आणि आणखी एक प्रश्न विचारायला लावायचे.

एक उदाहरण घेऊ. चौदा वर्षांच्या एका मुलीने शाळेत येणे बंद केले आहे. शिक्षकांच्या मते तिला अभ्यासात रस उरलेला नाही, आईच्या मते ती अलीकडे कोणाचेच ऐकत नाही, आणि मुलगी स्वतः काहीच बोलत नाही. कोणतीही तयारी नसलेला भला माणूस तिला शिक्षणाचे महत्त्व समजावून सांगेल, कदाचित वह्यापुस्तकेही घेऊन देईल. मानसशास्त्र शिकलेला विद्यार्थी विचारेल, की तिच्या झोपेत, भुकेत, मैत्रिणींशी असलेल्या वागण्यात काही बदल झाला आहे का आणि तो कधीपासून झाला. समाजशास्त्र त्याला विचारायला लावेल, की तिच्या वयाच्या इतर मुलीही शाळा सोडत आहेत का, आणि सोडत असतील तर त्या कोणत्या वस्तीतल्या व कोणत्या कुटुंबांतल्या आहेत. घरातल्या लहान भावंडांना किंवा आजारी माणसाला दिवसभर कोण सांभाळते, हा प्रश्न अर्थशास्त्रातून येतो आणि लिंगभावाच्या अभ्यासातूनही येतो. शाळेच्या वाटेवर किंवा शाळेतच तिला कोणी त्रास देत असेल तर तिच्या संरक्षणासाठी कोणती तरतूद आहे आणि ती माहिती कळल्यावर आपल्यावर कोणते बंधन येते, हे कायद्याच्या तासाला कळते. यातला कोणताही एक विषय एकट्याने पुरत नाही, आणि एकही वगळला तर त्या बाजूला असलेले कारण आपल्या नजरेला पडतच नाही.

दोन परंपरा

हा अभ्यासक्रम असा का घडला, याचे उत्तर समाजकार्याच्या इतिहासात आहे. सनावळी पाठ करायचा विषय म्हणून विद्यार्थी इतिहासाकडे पाहतात, ही मला मोठी हानी वाटते, कारण आजच्या कामातले जवळजवळ सगळे मूलभूत वाद तिथेच सुरू झालेले आहेत.

लंडनमध्ये १८६९ साली चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८७७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात तिच्या धर्तीवरची संस्था निघाली. शहरातल्या अनेक धर्मादाय संस्था एकाच कुटुंबाला वेगवेगळी मदत देतात आणि दुसऱ्या कुटुंबापर्यंत कोणीच पोहोचत नाही, अशी तेव्हाची तक्रार होती, म्हणून प्रत्येक कुटुंबाची चौकशी करणे, नोंद ठेवणे आणि घरी भेट देणारे स्वयंसेवक नेमणे ही पद्धत या संस्थांनी रुजवली. गृहभेट, नोंदवही, एका संस्थेकडून दुसरीकडे पाठवणी, ही आजची साधने तिथूनच आली. पण त्या पद्धतीत एक खोल दोषही होता. मदतीस पात्र गरीब आणि अपात्र गरीब अशी विभागणी त्या काळी गृहीत धरली जात असे, आणि गरिबीचे कारण माणसाच्या स्वभावात शोधले जात असे. प्रत्यक्ष घरोघरी गेल्यावर मात्र अनेकांना दिसले, की कष्टाळू आणि निर्व्यसनी माणसेसुद्धा आजारपण, अपघात आणि तुटपुंज्या मजुरीमुळे कर्जात बुडालेली आहेत.

दुसरी परंपरा वस्तीत जाऊन राहणाऱ्यांची. १८८४ मध्ये लंडनच्या ईस्ट एंड भागात टॉयन्बी हॉल सुरू झाले, आणि तिथून प्रेरणा घेऊन जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागो शहरात हल हाउस उभे केले. शिकलेली माणसे गरीब वस्तीत शेजारी म्हणून राहू लागली आणि त्यामुळे त्यांचे प्रश्नच बदलले. या कुटुंबाला काय द्यावे, यापेक्षा या गल्लीतला कचरा का उचलला जात नाही आणि लहान मुले कारखान्यात का जातात, हे प्रश्न त्यांना महत्त्वाचे वाटू लागले. हल हाउसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांची पाहणी केली. इलिनॉय राज्यात १८९३ मध्ये कारखाना कायदा झाला, चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला ठेवण्यावर बंदी आली, आणि त्या कायद्याची अंमलबजावणी पाहण्यासाठी केली यांचीच मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून नेमणूक झाली.

माणसाला सावरायचे की परिस्थिती बदलायची, हा तो जुना वाद. तो अजून मिटलेला नाही आणि तो मिटावा असेही मला वाटत नाही. एकाच बाजूला झुकलेला कार्यकर्ता एकतर अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवतो, किंवा मोर्चाच्या गडबडीत समोर रडणाऱ्या माणसाला विसरतो.

पुढे प्रशिक्षणाची गरज उघड झाली. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला, १८९९ मध्ये ॲमस्टरडॅमला समाजकार्याची शाळा निघाली, १९०८ मध्ये बर्लिनमध्ये ॲलिस सालोमोन यांनी स्त्रियांसाठी अशीच शाळा सुरू केली, आणि १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क स्थापन झाले. दरम्यान १९१५ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी बाल्टिमोरच्या परिषदेत समाजकार्य हा खराखुरा व्यवसाय आहे का, असा रोखठोक प्रश्न विचारला आणि त्याला स्वतःचे असे वेगळे तंत्र नाही, असे मत मांडले. दोनच वर्षांनी मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुटुंबाविषयी मिळालेला पुरावा कसा गोळा करावा, कोणत्या माहितीवर किती विसंबावे आणि अनुमान कधी करू नये, याची काटेकोर मांडणी त्यात आहे. आज त्यातली भाषा जुनी वाटते, पण ऐकीव माहिती आणि पाहिलेली गोष्ट वेगवेगळी नोंदवा, ही त्यातली शिकवण पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही लागू पडते.

माणूस आणि त्याचा परिसर

समाजकार्याची स्वतःची अशी एक दृष्टी आहे आणि पायाभूत अभ्यासाचा मोठा भाग तीच घडवण्यात जातो. माणसाला त्याच्या परिसरासह पाहायचे, अशी ती दृष्टी. वैद्यक बहुधा शरीराकडे पाहते, मानसोपचार मनाकडे पाहतो, कायदा कृतीकडे पाहतो. समाजकार्यकर्ता पाहतो तो माणूस आणि त्याच्या भोवतीची कुटुंब, शाळा, कामाची जागा, शेजार, शासनव्यवस्था यांच्यातले संबंध. समस्या बऱ्याचदा या दोहोंच्या सांध्यात असते. मूल ठीक असते, शाळाही आपल्या परीने ठीक असते, पण मुलाच्या घरची भाषा आणि शाळेची भाषा यांत अंतर असते.

मानसशास्त्रज्ञ उरी ब्रोनफेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या मानवी विकासाच्या परिस्थितिकीय, म्हणजे माणूस आणि त्याचा परिसर यांच्या नात्यावर आधारलेल्या विचारात हे थर एकात एक असलेल्या वर्तुळांसारखे दाखवलेले आहेत. सर्वांत आत मूल ज्यांच्याशी रोज वागते ती माणसे, त्याबाहेर या माणसांचे आपापसातले संबंध, त्याबाहेर मूल जिथे कधी जातही नाही पण ज्यांचा परिणाम त्याच्यावर होतो अशा जागा, उदाहरणार्थ आईच्या कामाच्या वेळा, आणि सर्वांत बाहेर समाजाच्या समजुती व धोरणे. क्षेत्रकार्यात याचे सोपे रूप म्हणजे ॲन हार्टमन यांनी रुजवलेला इकोमॅप. कागदाच्या मध्यभागी कुटुंबाचे वर्तुळ काढायचे, भोवती शाळा, दवाखाना, नातेवाईक, नोकरी, मित्र यांची वर्तुळे काढायची आणि कोणता संबंध बळकट आहे, कोणता ताणाचा आहे, कोणता तुटलेला आहे, हे वेगवेगळ्या रेषांनी दाखवायचे. हा नकाशा कार्यकर्त्याने टेबलावर बसून काढण्याऐवजी त्या कुटुंबासोबत काढला तर अधिक उपयोगी पडतो, कारण कोणती रेषा कशी काढायची यावर बोलता बोलता माणसे आजवर न बोललेल्या गोष्टी सांगतात.

याला समाजशास्त्राची जोड का लागते, ते अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांच्या १९५९ मधल्या एका प्रसिद्ध उदाहरणावरून चटकन कळते. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचे कौशल्य, स्वभाव आणि संधी यांकडे पाहणे योग्य ठरेल. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी माणसे बेकार असतील, तर एकेका माणसाचा स्वभाव तपासून उत्तर मिळणार नाही, कारण संधींची रचनाच कोसळलेली आहे. शाळा सोडणाऱ्या त्या मुलीकडे वळायचे, तर तिच्या वस्तीतल्या आणखी वीस मुलींनी त्याच वर्षी शाळा सोडली असेल तर एकट्या तिचे समुपदेशन करत राहणे म्हणजे चुकीच्या जागी कष्ट करणे होय.

मानवी वाढ आणि वर्तन या विषयाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. त्यातले सिद्धांत कायमचे सत्य म्हणून शिकू नयेत. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेला अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लहान मुलाला जिव्हाळ्याच्या, सातत्याने सोबत असणाऱ्या माणसाची किती गरज असते, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांना आईवडिलांपासून दिवसेंदिवस दूर ठेवण्याची रीत बदलायला या विचाराने मोठी मदत केली. पण त्याच विचाराचा आधार घेऊन कामावर जाणाऱ्या आयांना दोषीही ठरवले गेले. पुढे १९७२ मध्ये मायकल रटर यांनी पुराव्यांची फेरतपासणी करून दाखवले, की मुलाला आईखेरीज इतरांचाही लळा लागू शकतो, आणि केवळ ताटातूट हेच प्रत्येक हानीचे कारण नसते. सिद्धांत वापरताना तो कोणाच्या माथी दोष मारतो आहे, हे विचारण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

मूल्ये आणि त्यांच्यातली ओढाताण

समाजकार्याच्या पद्धती पाठ्यपुस्तकात सहा सांगितल्या जातात. व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या प्रत्यक्ष पद्धती, आणि समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन व सामाजिक कृती या त्यांना पूरक. त्यांचे तपशील पुढच्या सत्रांत येतातच, त्यामुळे इथे एवढेच म्हणतो, की या वेगवेगळ्या खोल्या नाहीत. शाळा सोडलेल्या मुलीशी बोलणे, तशा मुलींचा गट बांधणे आणि शाळेच्या वाटेवर दिवे लावून घेण्यासाठी वस्तीला एकत्र आणणे, ही एकाच कार्यकर्त्याने एकाच महिन्यात करायची कामे असू शकतात.

पद्धतींपेक्षा जास्त वेळ मूल्यांना द्यावा, असे माझे ठाम मत आहे. फेलिक्स बिएस्टेक यांनी १९५७ मध्ये मदतीच्या नात्याची सात तत्त्वे मांडली: प्रत्येक माणसाचे वेगळेपण ओळखणे, त्याला भावना मोकळेपणाने व्यक्त करू देणे, स्वतःच्या भावनिक सहभागावर भान ठेवणे, माणसाला आहे तसे स्वीकारणे, त्याच्यावर निवाडा न देणे, त्याचा स्वयंनिर्णयाचा हक्क जपणे आणि गोपनीयता राखणे. परीक्षेत ही सात तत्त्वे ओळीने लिहिता येतात. अवघड भाग पुढे असतो, तो म्हणजे ही तत्त्वे एकमेकांशी भांडतात तेव्हा.

एखादी स्त्री मार खाऊनही घर सोडायचे नाही म्हणते. तिचा स्वयंनिर्णय मान्य करायचा, तर तिच्या जिवाला धोका आहे. तिला बळेच बाहेर काढायचे, तर आतापर्यंत तिच्या वतीने सगळे निर्णय घेणाऱ्यांच्या रांगेत आपणही जाऊन बसतो. अशा वेळी काय करायचे याचे तयार उत्तर नाही, पण काम मात्र आहे: धोका किती तातडीचा आहे हे तिच्यासोबत तपासणे, घर न सोडताही सुरक्षित राहण्याची योजना आखणे, विश्वासाची माणसे आणि गरजेची कागदपत्रे कुठे ठेवायची ते ठरवणे, घर सोडावेसे वाटले तर कोणती दारे उघडी आहेत हे तिला नेमके माहीत असेल असे पाहणे, आणि तिने नकार दिला तरी पुन्हा भेटायला जाणे. घरात लहान मूल असेल तर हिशेब बदलतो, कारण मुलाला स्वतःसाठी निर्णय घेता येत नाही.

गोपनीयतेचेही तसेच आहे. विश्वास मिळवण्याच्या भरात नवा विद्यार्थी म्हणून जातो, की तू सांगशील ते मी कोणालाही सांगणार नाही. हे वचन त्याला पाळता येणार नसते. मुलावर अत्याचार होत असेल, कोणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला अपाय करण्याच्या बेतात असेल, तर ती माहिती योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचवावीच लागते. म्हणून गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत, समोरच्याला समजेल अशा शब्दांत सांगाव्यात. आधी वचन देऊन नंतर ते मोडले, तर ज्या मुलाला मोठ्यांनी आधीच फसवलेले आहे त्याला आपणही फसवले असे होते.

समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येत सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर ही तत्त्वे केंद्रस्थानी ठेवली आहेत, आणि सामाजिक शास्त्रांच्या व मानव्यविद्यांच्या बरोबरीने स्थानिक, परंपरागत ज्ञानालाही या व्यवसायाचा आधार मानले आहे. शेवटचा मुद्दा विद्यार्थ्यांनी दुर्लक्षू नये. ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्यांनी आपल्या आधी अनेक वर्षे त्या अडचणीशी झुंज दिलेली असते, आणि काय उपयोगी पडते व काय पडत नाही, याची त्यांना असलेली जाण कोणत्याही पुस्तकात आयती मिळत नाही.

क्षेत्रकार्य, नोंदी आणि पर्यवेक्षण

क्षेत्रकार्य हे अभ्यासक्रमाला जोडलेले शेपूट नसून त्याचा गाभा आहे. अमेरिकेत पदवीसाठी किमान ४०० तास आणि पदव्युत्तर पदवीसाठी किमान ९०० तास क्षेत्रकार्य करावे लागते, यावरून त्याला दिलेले वजन कळावे. सुरुवातीच्या दिवसांत बरेच विद्यार्थी निराश होतात, कारण त्यांना संस्थेत बसवून ठेवले जाते, फायली वाचायला दिल्या जातात आणि आपण काहीच केले नाही असे त्यांना वाटते. पण त्या काळात संस्थेत येणाऱ्या माणसाला किती वेळ थांबावे लागते, त्याच्याशी कोण कोणत्या सुरात बोलते, कोणत्या कागदाअभावी त्याला परत पाठवले जाते, हे पाहता येते. पुढे आपल्याच हातात ते टेबल आल्यावर ही दृष्टी कामाला येते.

भेटीनंतर लिहायची प्रक्रिया नोंद विद्यार्थ्यांना सर्वांत कंटाळवाणी वाटते. भेटीत कोण काय म्हणाले, आपण काय म्हणालो आणि त्या क्षणी आपल्याला काय वाटले, असे तिन्ही त्यात लिहायचे असते. लिहायला लागल्यावर उघड होते, की समोरची बाई नवऱ्याच्या दारूबद्दल बोलू लागली तेव्हा आपण घाईने मुलांच्या शाळेकडे विषय वळवला. तो का वळवला, हा प्रश्न पर्यवेक्षकांसमोर ठेवायचा असतो. उत्तर कदाचित आपल्या स्वतःच्या घरात असते, आणि ते ओळखल्याशिवाय पुढच्या भेटीतही आपण तिला तिथेच थांबवणार असतो.

लिहिण्याची भाषाही सांभाळावी लागते. ‘आई बेजबाबदार आहे’ हे वाक्य एका कुटुंबाच्या फाइलमध्ये गेले, की पुढे ती फाइल वाचणारा प्रत्येक जण त्याच चष्म्यातून तिला पाहतो. ‘तीन ठरलेल्या भेटींपैकी दोन भेटींना आई आली नाही, कामावरून रजा मिळाली नाही असे तिने सांगितले’ ही नोंद लांब आहे, पण पुढच्या वाचकाला ती स्वतःचा विचार करायला जागा देते. आपण लिहिलेले ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला वाचून दाखवता येईल का, ही कसोटी मला फार उपयोगाची वाटते.

पर्यवेक्षण म्हणजे चुका पकडणे नव्हे. पर्यवेक्षकाने प्रशासकीय जबाबदारी पाहावी, शिकवावे आणि आधार द्यावा, अशी तिहेरी अपेक्षा असते, आणि तिसरा भाग हक्काने मागायला विद्यार्थ्यांनी शिकले पाहिजे. इतरांचे दुःख रोज ऐकल्याचा परिणाम ऐकणाऱ्यावर होतो. झोप उडणे, चिडचिड होणे किंवा कशाचेच काही न वाटू लागणे ही दुबळेपणाची लक्षणे नाहीत. ती वेळेवर बोलून दाखवली तर कार्यकर्ता या व्यवसायात टिकतो.

संशोधन का टाळू नये

संशोधन पद्धती आणि आकडेमोड हा विषय बहुतेकांना नकोसा असतो. माणसांसाठी आलो आणि तक्ते कशाला, असे विचारले जाते. याचे उत्तर केंब्रिज-सॉमरव्हिल तरुण अभ्यास या प्रकल्पात आहे. अमेरिकेत बॉस्टन शहराजवळ १९३९ मध्ये सुरू झालेल्या या कामात ५०६ मुलगे होते. त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत मिळणाऱ्या गटात आणि दुसऱ्याला मदत न मिळणाऱ्या गटात घातले गेले. मदत मिळणाऱ्या मुलांच्या घरी समुपदेशक नियमित जात, अभ्यासात साहाय्य करत, वैद्यकीय उपचार मिळवून देत, त्यांना उन्हाळी शिबिरांना पाठवत. हे सारे भल्या आणि कळकळीच्या माणसांनी केले. जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर या माणसांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी तिचा आपल्याला उपयोग झाला असे सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र मदत न मिळालेल्या गटाच्या तुलनेत ते कोणत्याही बाबतीत सरस ठरले नाहीत, आणि पुन्हा पुन्हा गुन्हा करणे, आरोग्य, अकाली मृत्यू अशा काही बाबतींत त्यांची स्थिती अधिक वाईट होती.

हे वाचून कोणाचे हात गळून जाऊ नयेत. यातून कळते ते इतकेच, की मदत घेणाऱ्याचे समाधान आणि मदत करणाऱ्याची कळकळ या दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही मदतीने अपाय होऊ शकतो, आणि तो झाला की नाही हे तुलना केल्याखेरीज दिसत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून कोणी तीस वर्षांच्या पाहणीची अपेक्षा करत नाही. पण पालकांचा एखादा गट सुरू करताना तो कशासाठी आहे हे एका वाक्यात लिहून ठेवणे, पहिल्या बैठकीआधी त्यांची स्थिती काय आहे याची साधी नोंद घेणे, गट संपल्यावर आणि त्यानंतर काही महिन्यांनी तीच नोंद पुन्हा घेणे, मध्येच येणे बंद केलेल्यांना शोधून त्यांचे कारण विचारणे, आणि जे आढळले ते त्या पालकांनाच आधी सांगणे, इतके त्याला पहिल्या क्षेत्रकार्यापासून करता येते.